टोपी

पापाच्या तिकटीपासून आत, भांड्यांच्या ठोक्यांमागे
दस्तगीर शिकलगारांचं दुकान.
पाटीवरचा परवाना क्रमांक तेवढा दरवर्षी रंगवतात,
बाकीची अक्षरं त्यांनी उन्हाला देऊन टाकलीत.

मी काउंटरवर रुमाल सोडला.
बत्तीस बोअरची चार काडतुसं, चारही मुकी.
"चाचा, क्लबाला या टोप्या नकोत, दुसऱ्या निवडून द्या.
परवा दुधाळीवर, ऐन शेवटच्या फेरीत
घोडा पडला आणि काहीच झालं नाही.
तीस मोजेपर्यंत नळी समोर धरून उभी होते."

तीस.
नुसतं उभं राहून कधी मोजलेत का कोणी?
अकराला शेजारच्या लेनमध्ये रेवती घोरपडेचा दहा लागला.
सतराला घामाचा थेंब भुवईवर येऊन बसला.
बाविसाला आठवलं, दूध ओट्यावरच राहिलं.
आणि तिसालाही ते काडतूस गप्पच,
उत्तर येत असून
हात वर न करणाऱ्या मुलीसारखं.

चाचांचा डावा कान बारांच्या आवाजानं कधीच नेला.
उजवा माझ्याकडे करून त्यांनी सगळं ऐकलं,
मग कुलूप काढून डब्या मांडल्या.
"ही रायफलची. कपाळ जाड.
मागनं येणारा दाब सोसायचा, तर जाडच पायजे.
ही पिस्तुलाची. पातळ कातडीची,
हलक्या हाकेला बी ओ देती.
मापाला दोन्ही सारख्या. एकीच्या घरात दुसरी बसती.
बसती म्हणून बसवायची नसती, पोरी.
लग्नात बी, आन् ह्यात बी."

सबंध मसुराएवढी ती वाटी.
तिच्या पोटात चिमटीतही न येणारी आग.
ती जागी झाली नाही
तर वर भरलेली दारू नुसती काळी पूड,
आणि त्यावरचं शिसं
मासे धरायच्या जाळ्याला लावावं, एवढ्याच लायकीचं.

मी पातळ टोप्यांमधल्या सगळ्यात मऊ डबीवर बोट ठेवलं.
चाचांनी ते पाहिलंच नाही.
माझं एक मुकं काडतूस उचलून
उजेडाकडे फिरवलं, भिंग माझ्या हातात दिलं.
"खळी बघ."

टोपीच्या मधोमध खळी होती खरी,
झोपेत हसणाऱ्या बाळाच्या गालावर
उमटते न उमटते, तेवढीच.
"हिचा काय गुन्हा न्हाई.
हिला कुणी नीट हाकच मारली न्हाई.
घोड्याची स्प्रिंग कुणी छेडली?"

मी.
जानेवारीत.
खटका जड लागतो म्हणून, ओढताना बोट थरथरतं म्हणून,
इचलकरंजीच्या एका पोराकडून
दोन वेटोळी कापून घेतली,
आणि सरांनाही सांगितलं नाही.

बाहेर कोणी पातेल्याचा पोचा काढत होतं.
ठोका, ठोका,
थांबून एक ठोका.

"मऊ टोपी देतो की," चाचा म्हणाले,
"वाजंल बी. म्हणशील, म्हाताऱ्यानं काम केलं.
पर ती मी तुला घातलेली टोपी हुईल."

चारी काडतुसं त्यांनी तेलाच्या डब्यात सोडली.
मागच्या खणातून एक नवी स्प्रिंग काढली,
वर्तमानपत्रात गुंडाळली, वीस रुपये कमी घेतले.
रजिस्टरात क्लबाच्या नावापुढे
त्या दिवशी नुसती तारीख.
टोप्यांच्या रकान्यात आडवी रेघ.

रविवारी दुधाळीवर खटका पुन्हा जड होता,
माणसासारखा जड,
आणि माझं बोट सगळ्यांदेखत थरथरलं.
सहा. आठ. सात. सात. पाच.

पाचही वाजल्या.