एत्तरी

आषाढ संपता संपता, कांडी भरताना
हातातून दोरा सुटला.
तेहेतीस वर्षांत असा सुटला नव्हता.
खाली बघितलं तर हात होता,
फक्त माझा नव्हता.

दवाखान्यात म्हणाले, लकवा.
भरमा म्हणाला, "आता तुझ्या अंगातही सीमाभाग,
उजवीकडचं डावीकडं कळेना."
दोघंही हसलो.
म्हणजे तो हसून थांबला,
मी थांबलोच नाही.
(आमच्या वडगावात बायकाही
"आलो, गेलो"च म्हणतात.)

हे नवीनच दुखणं.
सातेरीमामाच्या तेराव्याला पानं वाढलेली,
त्याची लेक माझ्या गळ्यात पडून रडली
आणि मला हसू फुटलं.
आत मी ओरडतोय, गप्प बस, अगं गप्प बस,
आणि तोंड वाकडं करून
हसतंय कुणीतरी भलतंच.
खासबागेच्या रविवारच्या बाजारात उलटं:
मेथीची जुडी बघून हुंदका.
भाजीवालीनं घाबरून दोन रुपये कमी केले.

डोकं मात्र लख्ख.
कुणाची किती मजुरी थकली
पै न पै आठवते.
रात्री ते हाताला हुकूम सोडतं:
ऊठ. अरे ऊठ की. तुला काय कमी केलं मी?
लाडीगोडी, शिव्या, यल्लम्माची शपथ.
हात गादीवर पडून,
पाहुण्यांच्या घरी झोपून गेलेल्या
परक्या पोरासारखा.

दानेश्वरी येते मंगळवारी, शुक्रवारी.
व्यायाम करून घेते. मराठी मोडकंतोडकं.
चौथ्या महिन्यात एकदा तीही दमली,
मनगटाखाली एक बोट लावून
आपल्याच भाषेत पुटपुटली,
"एत्तरी काकू, स्वल्प एत्तरी."

आणि हात उचलला.
सुपारीएवढा.

भरमा बघतच राहिला.
मला मात्र आठवला चन्नबसप्पा मास्तर,
मी अकरा वर्षांची, पाय मागाच्या पावडीला न पुरणारे,
आणि त्याचा तो तंबाखूचा आवाज:
एत्तु. बिडु.
एत्तु. बिडु.
डोक्यानं ते कधीच टाकून दिलं होतं.
हातानं जपलं होतं,
मला न विचारता.

आता मी हुकूम करत नाही.
पहाटे शेजारचा माग सुरू व्हायच्या आत
मांडीवर तुटका दोरा घेऊन बसतो.
हात थरथरतो. डोकं मोजत राहतं.
छातीत जे काही आहे ते
मध्येच हसायला लागतं, की रडायला,
मी बघायला जात नाही. येऊ दे.

काल गाठ बसली.
सैलच होती, ओढली तशी सुटली.

पण ओढली
उजव्यानं.