डावा कान

आमच्या बेटावर घरंसुद्धा जागा बदलतात.
खाली ओंडके सरकवायचे, बैलांच्या आठ जोड्या जुंपायच्या,
आणि अख्खं घर, खिडक्यांसकट, धुराड्यासकट,
टेकडी उतरून निघतं.
चिलोएत याला मिंगा म्हणतात.
पैसे कुणी घेत नाही, संध्याकाळी पोटभर जेवू घालायचं, झालं.

पण यास्ना आली तेव्हा बैल कामाचे नव्हते.
फेरीबोटीच्या कठड्याला ती दोन्ही हातांनी धरून बसलेली,
चार वर्षांची,
आणि खलाशी घड्याळ बघत होता.
एरिबेर्तोनं तिची बोटं सोडवली, एकेक करून,
जाळ्यातून मासा सोडवतो तशी, खवलं न दुखवता.

पुएर्तो मोन्तच्या अनाथाश्रमातून आलेली पिशवी.
तिच्यात एक फ्रॉक, एक कागद,
कागदावर आईच्या नावापुढे नुसती रेघ.
डाव्या कानाचं टोक दुमडलेलं,
खुणेसाठी कुणी पान दुमडून ठेवावं
आणि पुस्तक विसरून जावं, तसं.

वर्षभर तिनं काही मागितलं नाही.
तेच मला खुपायचं.
सिरो चमचा आपटायचा, बाल्तासार रुसून गोठ्यात जायचा,
माझी पोटची दोन्ही, हक्काची भांडखोर.
ही मात्र ताट धुऊन, पुसून, पालथं घालायची
उद्या निघायचंय अशा बेतानं.

सप्टेंबरात गादी उन्हात काढली
तर खालून बटाटे घरंगळले.
जांभळे, आमच्याच कोठारातले, सव्वीस.
अंधारात त्यांना पांढरे लांब कोंब फुटलेले.
ती दारात उभी. हात पाठीमागे. डोळे मिटलेले,
म्हणजे मार कसा असतो ते तिला ठाऊक होतं.

मी काय बोलले असेन? काहीच नाही.
छोटी कुदळ तिच्या हातात दिली.
घरामागे, मेंढ्या पोचत नाहीत तिथे, आम्ही ते लावले,
कोंब मोडू नयेत म्हणून ती फुंकर घालत होती.
मार्चमध्ये पोतं भरलं.
त्या रात्री ताट पुढे करून म्हणाली, अजून एक दे.
मी चुलीकडे तोंड फिरवलं,
आणि दोन वाढले.

ओर्तेन्सिया म्हणाली, मोठं पुण्य केलंस हो.
रात्री दोन वाजता उलटी पुसणाऱ्या बाईला
पुण्याचा वास येत नाही.
रक्त ते रक्त, हेही म्हणाली ती,
मी पाठ फिरवल्यावर, पण मला ऐकू जाईल इतपत.

तेराव्या वर्षी यास्ना ओरडली, तू माझी कोण?
प्रश्न बरोबर होता.
उत्तर सुचेना, म्हणून मी लोकर पिंजत बसले.
तासाभरानं तीही आली,
दुसरी फणी उचलली, गाल फुगवलेलेच,
आणि माझ्यापेक्षा बारीक पिंजली.

त्या दुसरीचा मला आधी राग यायचा.
कुठली आई सोडून देते, असं मी म्हणायचे,
चुलीत लाकडं असलेल्या स्वयंपाकघरात बसून.
सिरोच्या वेळी मला दूध आलं नव्हतं.
माझ्यापाशी सासू होती, गाय होती, नवरा होता.
तिच्यापाशी काय होतं ते
रेघेत मावत नाही.

आता शहरात गेले की मी बायकांचे कान बघत फिरते.
बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, प्रार्थनेत मान खाली घातलेल्यांचे.
परवा आन्खेल्मोच्या बाजारात एक बाई
समुद्री शेवाळाच्या जुड्या विकत होती.
हनुवटी तीच, किंवा मला तशी वाटली.
केस कानांवरून घट्ट बांधलेले.
आमच्याकडे वारा कधी थांबत नाही,
त्या दिवशी पानही हलत नव्हतं.

मी दोन जुड्या घेतल्या,
दहा हजारांची नोट दिली, आणि सुट्टे न घेता निघाले.
बाई, अहो बाई, ती मागून हाका मारत राहिली.
घरी आले तर यास्ना म्हणते,
एवढं शेवाळ कशाला आणलंस,
आपल्यात कुणी खातं का?

आपल्यात, म्हणाली.
मी जुड्या भिजत घातल्या.