दोन बोटांची फट

साखळी नको, हे माघातच ठरलं.
चरपटांच्या काल्याची साखळी सकाळी जागच्या जागी होती,
पट्टाही होता, बकल लागलेलंच.
फक्त आत मान नव्हती.

आमचा रोलर तेव्हा सव्वा वर्षाचा.
डांबरी रस्त्याचं काम चाललं होतं,
रोलरच्या चाकाआडून उचलून आणला, म्हणून रोलर.
आता दोन पायांवर उभा राहिला की
माझ्या खांद्यांवर पंजे टाकून कानात श्वास सोडतो,
पाण्याचा ड्रम बांधीपर्यंत लोळवत नेतो,
आणि सायकलचं कॅरिअर...
जाऊ द्या.

पहिला पिंजरा बुरडाकडून घेतला, बांबूचा.
कांबट्या नीट तासलेल्या, देखणा.
रात्रभर ऊस सोलल्यासारखा आवाज.
पहाटे रोलर दारात बसलेला,
दाढेत कुसळ, तोंडभर आनंद.

दुसरा भाच्याने नागपूरहून पाठवला, प्लास्टिकचा.
खोक्यावर पांढऱ्या फुगीर कुत्र्याचं चित्र,
भांग पाडल्यासारखं.
रोलरने आधी चित्र खाल्लं.

मग सिंदेवाहीला, नाक्याजवळच्या शालिककडे.
"माप?" काळा चष्मा कपाळावर सरकवत तो म्हणाला.
मी परकराची नाडी काढली, गाठी मारलेली.
ही बसल्यावरची उंची, कानांसकट.
ही नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत,
मापताना तो नाडी ओढत होता, वीतभर जास्त धर.
वळला तर कूस घासू नये.
आडवा झाला की पाय पसरता आले पाहिजेत,
तो झोपेत धावतो.

शालिक हसला नाही, त्यामुळे बरं वाटलं.
"फारेस्टवाले मांगच्या साली असेच चार घेऊन गेले,
बिबट धराले.
तुमाले कोनाले आत ठेवाचं हाय, कोनाले भायेर?"
कुत्रा आत, म्हटलं. बाकी सगळं बाहेर.
"मंग सळई बारा एमएम, फट दोन बोटं.
तीन ठेवली त पंजा जाते.
पंजा गेला त मंग कुत्रा फटीतूनच येते, बाई."

जोड आतून घासून दे, तो सगळं चाटतो.
तळाला पत्रा नको, वैशाखात तवा होतो. सागाची फळी.
एका कडीचा उपयोग नाही,
शाळेच्या कोठीची त्याने नाकाने उघडली होती,
अख्खी चवळी आमच्या पाठीमागे सांडलेली.

लोखंड किलोवर. अठ्ठेचाळीस भरलं,
रोलर एकतीस.
खिचडी रांधायचे थकलेले पैसे त्याच आठवड्यात आले
आणि छोट्या हत्तीत बसून पिंजरा होऊन परतले.

दार उघडंच ठेवलं. झिंगे घातलेला भात आत.
पहिल्या दिवशी फक्त मान गेली.
तिसऱ्या दिवशी पुढचे पाय आत, मागचे अंगणात,
अर्धा पाहुणा.
नवव्या दिवशी माझी एक चप्पल आत नेऊन
तिच्यावर हनुवटी टेकून झोपला.
मी दुसरी चप्पल मागितली नाही.

चैत्रातली रात्र. लाईट गेलेली.
मोह टपकायचा थांबला, असं मला वाटलं,
खरं तर मीच ऐकायची थांबले असेन.
रोलर भुंकला नाही.
लोखंडावर एकच आवाज आला,
ताटाच्या बुडाला नख ओढावं तसा,
सावकाश, घाई नसलेल्याचा.
दाराआड टॉर्च हातात होता, अंगठा बटणावर,
आणि अंगठा माझा नव्हता.

कितीतरी वेळाने बाहेर गेले.
लाल रंगावर चार ओरखडे, माझ्या कमरेइतके वर.
आत तो कोपऱ्यात, चपलेवर, थरथरता, अखंड.
कड्या उघडायची हिंमत उजाडेपर्यंत नव्हती.
हात तरी घालावा म्हणून वाकले
तर तळवा अडला.

सगळ्यांची मापं घेतली होती,
याच्या कानांची, त्याच्या पंजाची.
माझ्या हाताचं राहिलं.

दोन बोटं गेली.
रोलरने एक चाटलं,
मग दुसरं,
मग पुन्हा पहिलं,
मोजत असल्यासारखं.