पिकअप

तिदमे विचारतो, नेमकं काय होतं?
मी सांगते, दचकते.
तो म्हणतो, ताई, गाडी दचकत नाही.
मिसिंग मारते, झटके देते, नाहीतर दम टाकते.
यातलं कुठलं?
शेडच्या पत्र्यावरून एक कावळा चालत जातो,
त्याची नखं ऐकू येतात.
मी विचार करून सांगते,
दचकते.

बरं. थंड असताना की तापल्यावर?
एसी चालू की बंद? तिसऱ्यात की चौथ्यात?
सपाटीला होतं की चढालाच?
इतकं बारीक मला आजवर कुणी विचारलं नव्हतं,
डॉक्टर साळींनीही नाही.
ते स्क्रीनकडं बघत होते.

मग बॉनेट. वसीम, दातात बॅटरी धरलेला.
चार प्लग फडक्यावर ओळीनं,
तीन विटकरी, चौथा काजळलेला.
एअर फिल्टरची पेटी उघडली
तर आत उंदराचा संसार:
मखमलाबादच्या मळ्यात द्राक्षघडांना गुंडाळतात
तो पेपर, कुरतडून मऊ केलेला.
एका चिटोऱ्यावर अर्धीच जाहिरात.
वसीमनं मोठ्यानं वाचली,
निर्व्यसनी, स्वतःचा ट्रॅक्टर, अपेक्षा
आणि पुढं उंदरानं खाल्लेलं.
तिदमे हसला नाही.
म्हणाला, हिला श्वासच नव्हता.

रबरी नळीचं एक टोक कानाला लावून
दुसरं तो इंजिनावर फिरवत राहिला,
आणि एका पाइपाशी थांबला.
ऐका, म्हणाला.
भातुकलीच्या कुकरची असावी तेवढी शिटी.
भेग नखाएवढी.

अठराशे चाळीस.

अंबडहून विल्होळीपर्यंत त्यानं चालवली.
दोन हजार बाराची वॅगनआर
चढाला अशी लागली की मलाच लाज वाटली,
एवढे महिने मी तिला म्हातारी म्हणत होते.

आता तुम्ही, तो म्हणाला.
गरवारे पॉइंट, सर्व्हिस रोड,
हायवेला लागायचं वळण. ट्रकांमधली फट.
दचकली.
परत, म्हणाला.
दचकली.
तिसऱ्यांदा त्यानं मीटरकडं पाहिलं नाही,
वाकून माझ्या चपलेकडं पाहत राहिला.

ताई, पाय उचलताय तुम्ही.

दिवाळीनंतरची गोष्ट. इथंच, थोडी अलीकडं.
मी रेस दिली आणि बाजूनं एक लुना आली,
मागं फ्लॉवरचं पोतं.
मुलगा पडला, उठला, पँट झटकली
आणि रस्त्यावरचे गड्डे गोळा करायला लागला,
एकेक, ट्रक थांबवून, हात वर करून.
मीही दोन उचलून दिले.
काही झालं नाही ना, सगळे म्हणाले.
मीच सगळ्यांच्या आधी म्हटलं.
घरी येऊन साहेबांना सांगायचंही राहिलं.

हे मी तिदमेला सांगितलं नाही.
त्यानं विचारलंही नाही,
तिसऱ्यात की चौथ्यात विचारणाऱ्या माणसानं.
एवढंच म्हणाला, चप्पल काढून बघा.

अनवाणी पायाला पेडल गार लागलं,
आणि गारव्याखाली बारीक थरथर,
ती गाडीची होती की
कळेना.

इंडिकेटर टिकटिकतोय.
एक टँकर गेला. कांद्याचा आयशर गेला.
तिदमे मान वळवून मागं बघतोय,
ग्रीसचा हात दाराच्या काचेवर.

आहे, म्हणाला. जागा आहे.