दीड रियालची पिशवी

डबा गार ठेवायची पिशवी ती.
बाहेर निळं कापड, आत चंदेरी कागद,
झाकणावर हसणारं कलिंगड.
सोहारच्या भाजी मार्केटमागे
दीड रियाल सांगितले, दीडच दिले.
घासाघीस करवेना,
चेन एका दमात लागली होती.

रेडिओच्या खास बॅगा मिळतात, नाही असं नाही.
चाळीस रियाल, पोस्टाचा खर्च वेगळा,
आणि रंग लष्करी.
आत बॅटरी, वायरी; खांद्याला लावणारा मी,
बंदरावरचा टेक्निशियन, परदेशी पासपोर्टवाला.
नकोच.
कलिंगड बरं.

सगळं कॉटवर मांडलं.
पाच वॅटचा रेडिओ, वहीपेक्षा लहान.
बॅटरी. मोर्सची की. ट्यूनर.
दहा मीटर वायर,
तुटक्या चॉपिंग बोर्डाच्या फळीवर गुंडाळलेली.
वरच्या कॉटवरून बेन्सन म्हणाला,
फोन आहे ना तुझ्याकडे?
आहे की.
पण फोन ज्याला लावावा तोच उचलतो.

अंथरूण पाहून पाय, तशी पिशवी पाहून सामान.
ट्यूनर बाहेर काढला, परत घातला, पुन्हा काढला.
रात्री साडेबाराला आठवली
अण्णांची चंची.
एस.टी.च्या वर्कशॉपातून आले की
खुंटीला सदरा, कनवटीला चंची:
चुन्याची डबी एका कप्प्यात, सुपारी दुसऱ्यात,
तंबाखू अगदी आत, वारा न लागेल अशी,
आणि अडकित्त्याला स्वतंत्र घर.
अंधारात बोटं बरोबर पोचायची.
एकदा मी कप्पे बदलले गंमत म्हणून,
तर चिडले नाहीत. नुसतं म्हणाले,
वस्तूला आपली जागा माहीत असते रे,
आपल्यालाच नसते.

शफीउल दिशदाशा शिवतो, मूळ चितगावचा.
एसीच्या पाइपावरचा काळा फोम,
जुन्या डांगरीचं कापड, आणि पेन्सिलीने काढलेली चंची
त्याच्यापुढे ठेवली.
चंदेरी कागदाने दोन सुया मोडल्या.
सुयांचे पैसे वेगळे, म्हणाला,
आणि कलिंगडावरून टाका मारू का?
नको, ते राहू दे.
खोलीवर येऊन चेनला मेणबत्ती घासली, वाळूसाठी.
एक कप्पा बाहेर, पारदर्शक प्लास्टिकचा.
त्यात लायसन.

शुक्रवारी, ऊन उतरल्यावर, किनाऱ्यावर.
गाडीच्या डिकीत हात भाजत होता,
पिशवीत बॅटरी मात्र माठातल्यासारखी.
मासे पकडायची घडीची काठी वाळूत रोवली,
वायर वर नेली, दुसरं टोक दगडाला.
डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा.
कुणी आहे का. कुणीही.
खरखर.
समुद्राची एक, कानातली एक.

मग सावली पडली. बुटांची.
पोलीस. छातीवर नाव, सुलैयम.
पिशवीकडे बघून हिंदीत म्हणाला, बिर्याणी?
मी हसलो, मग लगेच थांबलो,
कारण तो वायरच्या मागे मागे
नजरेने वरपर्यंत जाऊन आला होता.

लायसन दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं,
मग एकेक कप्पा उघडला, आणि प्रत्येकात
एकच वस्तू निघाली, आपापल्या मापात निजलेली.
वाकून वाकून बघत होता,
शिवण बोटाने दाबत होता.
ही कुणी शिवली?
दुकान सांगितलं. मान हलवली.
त्याच्या दिशदाशाही तिथेच असाव्यात.

तेवढ्यात कुणीतरी उत्तर दिलं.
बारीक, खरखरीतून वर येणारं, ताश्कंदच्या बाजूचं.
माझा एक हात कीवर, एक पेन्सिलीवर,
डाव्या कानातलं मी काढून त्याला दिलं.
तो वाळूत उकिडवा बसला, टोपी मांडीवर.
पूर्ण वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, उसफूर.
चिमणी.

रविवारी परत शफीउलकडे गेलो.
अजून एक कप्पा, म्हटलं,
बाहेरच्या बाजूला, हाताला लगेच लागेल असा.
काय ठेवणार?
कानातल्यांची दुसरी जोडी.
तो म्हणाला, तिथे तर कलिंगड आहे.
मी म्हटलं, मग त्याच्या तोंडात शीव.