इतर

टँकर उलटला तो घाटात नाही,
सरळ रस्त्यावर, हिंगणफाट्यापाशी, भर दुपारी,
जिथं उलटायला काही कारणच नव्हतं.
ड्रायव्हर काचेतून बाहेर आला, दगडावर बसला,
आधी पाणी मागितलं,
मग हात जोडून म्हणाला,
बिडी पेटवू नका कुणी.

तेवढं ऐकलं गावानं.
बिडी पेटली नाही.
पण हंडे निघाले, कॅन निघाले,
शाळेच्या खिचडीचं पातेलं निघालं.
ओढा दिवाळीतच आटलेला,
त्याच्या कोरड्या पोटातून ते चाललं होतं,
पाण्यापेक्षा पातळ, पाण्यापेक्षा घाईत,
आणि वरची हवा अशी थरथरत होती
की पलीकडची बाभूळ
डोहात पडल्यासारखी हलत होती.

अन्वर पंक्चरवाला एकटाच ओरडला,
"लेकरं तरी हटवा रे, डोस्क्यात जातं हे!"
तीस वर्षं सोल्युशन हुंगलेला माणूस.
कुणी तरी हसून म्हणालं,
तुला रोजच फुकट मिळतंय, आज आम्हाला घेऊ दे.

मी इथली आशाताई.
मीही नाकाला पदर लावून
काठावर उभी राहिले होते, बघत.

रात्री वारा पडला.
वारा पडला तसा वास खाली बसला,
गोठ्यात, मोरीत, बाजेखाली.
आमच्याकडं म्हातारी माणसं बाजेवर झोपतात,
लेकरं खाली, सतरंजीवर.
हे मला तेव्हा सुचलं नाही.

सकाळी रजिस्टर उघडलं.
ताप. खोकला. जुलाब. कुत्रं चावणं. बाळंतपण.
चांगुणाबाईच्या नातवाला उलट्या, जुलाब नाहीत.
दिगंबर हाक्याचे डोळे लाल,
पण डोळे आले म्हणावं तर चिकटत नाहीत.
शिवकांताच्या सुनेला सातवा महिना,
ती म्हणाली, "बाई, तोंडात नाणं धरल्यावानी लागतंय
कालपासून."
नाण्याला रकाना नाही.
ओढ उताराकडं असते तशी
सगळी नावं शेवटच्या रकान्यात गेली :
इतर.
बेचाळीस इतर.

वर फोन लावला.
भाजलेले किती, त्यांनी विचारलं.
एकही नाही.
मग सुटलात की, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आगीच्या गाडीवरचा एक माणूस आला,
वाळू टाकायला.
टँकरची मागची पाटी पोरांनी काढून नेली होती,
माळावर दोन विटांना टेकवून स्टंप केला होता तिचा.
त्यानं खेळ थांबवून ती उचलली,
बाहीनं पुसली, मला दाखवली.
चार आकडे. पोरांना वाटलं होतं फोन नंबर,
लावूनही बघितला होता त्यांनी.
"हे खालचे आकडे म्हणजे माल कोणता ते," तो म्हणाला,
"आणि वर तीन, वाय, ई.
ते आमच्यासाठी असतं. काय करायचं ते."
ई म्हणजे काय, मी विचारलं.
"माणसं हलवा."

लांबून दिसावं म्हणून
नारिंगी रंगावर काळ्यानं लिहिलेलं.
आम्ही अख्खी दुपार
त्याच्या पुढ्यात रांगेनं उभे होतो.

पुढं काय होईल, मी त्याला विचारलं.
म्हणाला, डॉक्टरांना विचारा.
डॉक्टर म्हणाले, काहींना काहीच नाही,
काहींचं रक्तात कळतं,
दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी.
माझं रजिस्टर मार्चला संपतं.

आमच्या मोरीजवळ पाच लिटरचा कॅन आहे.
तो मी आणला नाही, सासूबाईंनी आणला.
झाकण मात्र मीच घट्ट लावलं,
आणि तिथून चार हातांवर
लेकीचं अंथरूण घातलं, रोजच्या जागी.

आज पहाटे उठून ती म्हणाली, डोकं जड झालंय.
त्रेचाळिसावं नाव
मी पेन्सिलनं लिहिलंय.