अर्धं

फुआतिनो बोटांची पेरं मोजते.
चंद्र झिजून अर्धा झालाय,
मोसोओईला फुलं आलीत.
आज पहाटे पालोलो.

कंदील, जाळ्या, जुन्या पडद्याचा तुकडा,
कमरेइतक्या पाण्यात सगळं गाव.
आणि मग समुद्राच्या शेवया होतात,
हिरव्या, तपकिरी, वळवळत्या.
पेनिआमिना ओंजळीतूनच खातो, कच्च्या.

"आजी, यांना डोकी कुठायत?"
"डोकं खालीच राहतं, प्रवाळाच्या भोकात.
वर येतो तो नुसता मागचा भाग,
पेरापेरात अंडी भरून.
उजाडलं की फुटतो."

मग ती त्याला दुसऱ्या एकाचं सांगते,
कुणाच्याच बादलीत न आलेल्याचं:
सवाई बेटाला वेढा घालून पडलाय,
एकेक पेर बुडालेल्या होडीएवढं,
अजून त्यानं आपलं अर्धं सोडलेलं नाही.
"का?"
"ठरत नाही त्याचं, कुठून तुटायचं ते."

पोराचा बाप ऑकलंडच्या कत्तलखान्यात,
हे सहावं वर्ष.
फुआतिनो बादलीवर फडकं बांधते.
एक डबा शेजारणीच्या फ्रीजरात ठेवील,
कुणी तिकडे निघालंच
तर.